पाच मिनिटांचा महापूर

युवा महोत्सवाच्या मूकनाट्यातून एक मुलगी आयत्या वेळी बाहेर पडली आणि तिच्या जागी मला बोलावलं. तेव्हा मी एस.वाय. बी.एस्सी.ला होते आणि शाळेतल्या समूहगीतापलीकडे स्टेजवर गेले नव्हते. शिवाजी विद्यापीठाचा महोत्सव आधी सांगली, सातारा, कोल्हापूर असा जिल्हावार होतो आणि नंतर मध्यवर्ती. आमचं तालुक्याचं कॉलेज जिल्ह्यापर्यंत जायचं तेही मोठ्या मुश्किलीनं.

कागदपत्रांचं आधी सांगते, कारण त्यातच आमचे चार दिवस गेले. फोटो लावलेली प्रवेशिका, आयकार्ड, मागच्या वर्षाचं मार्कलिस्ट, वयाची अट 25 असल्यामुळे जन्मतारखेचा पुरावा आणि प्रत्येक कागदावर प्राचार्यांची सही-शिक्का. पुढच्या पोरांनी ही फाईल तालमीच्या आधीच तयार ठेवावी.

विषय ठरला 2019 चा महापूर. त्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी 45. मी तेव्हा नववीत होते, आमचं घर नदीकाठच्या गावात. दिग्दर्शन करणारा टी.वाय.चा दादा म्हणाला, "तुला पाणी माहीत आहे, तूच दाखव."

मूकनाट्यात जास्तीत जास्त सहा जण आणि पाच मिनिटं. आमची पहिली तालीम साडेसात मिनिटांची झाली. त्यात सगळं होतं, बोटी, हेलिकॉप्टर, छावणीतली खिचडी, पाहणीला आलेले पुढारी. दादानं एकेक काढून टाकलं. हेलिकॉप्टर गेलं तेव्हा मुलं हिरमुसली, पण मला आजही वाटतं की तेच बरोबर होतं. उरलं एक घर, चढणारं पाणी आणि गोठ्यात बांधलेली म्हैस.

पाणी चढताना दाखवणं सगळ्यात अवघड. सहाही जणांनी एकाच श्वासाला कपडे वर धरायचे, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. पाण्यात पाय उचलून टाकता येत नाही, तो ढकलत न्यावा लागतो. एकाचं पाणी जरी दुसऱ्यापेक्षा खाली राहिलं, तरी पूर ओसरतो. हे जमायला आठ दिवस लागले. तालीम व्हायची पाचनंतर, वाचनालयामागच्या व्हरांड्यात, कारण हॉल मिळत नव्हता. सहा दहाची एस.टी. चुकली की माझी घरी जायची सोय नव्हती. दोनदा प्रॅक्टिकल बुडलं. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "नाचून डिग्री मिळणार आहे का?" मी काही बोलले नाही, पण ते मनाला लागलं. कॉलेजच्या वेळापत्रकात कलेसाठी एखादा तास असायला काय हरकत आहे, हे मला अजूनही कळत नाही.

म्हशीचं दावं सोडायचं काम माझं होतं. हवेत गाठ सोडताना माझे हात खोटे वाटत होते. घरी येऊन आबांना विचारलं, त्या रात्री तुम्ही दावं कसं सोडलं? आबा त्या रात्रीबद्दल कधी बोलत नाहीत. अंगणात उभे राहिले, जरा वेळ गप्पच. मग म्हणाले, "भिजल्यावर गाठ सुटत न्हाई पोरी. विळ्यानं कापायला लागतं." आणि डाव्या हातानं नसलेलं दावं ताणून धरून उजव्या हातानं कापून दाखवलं. कापताना ते दाव्याकडं बघत नव्हते, म्हशीच्या तोंडाकडं बघत होते. दावं तुटल्यावर झटक्यानं मागं गेले, आणि मग थाप मारायला हात पुढं केला. तिथं पाठ नव्हती, पण हात बरोबर तेवढ्या उंचीवर थांबला.

दुसऱ्या दिवशी मी तसंच करून दाखवलं. दादानं बाकीचा शेवट काढून टाकला.

महोत्सवाच्या दिवशी चिठ्ठीत आमचा नंबर अकरावा निघाला. चेहऱ्याला पांढरा रंग लावून काळ्या कपड्यांत आम्ही तीन तास बसून होतो. शेजारच्या वर्गात एक मुलगा मातीकाम करत होता, पलीकडे रांगोळ्या चालल्या होत्या, खालून लोकवाद्यवृंदाची हलगी ऐकू येत होती. त्यात किती तरी मुलं सायन्स-कॉमर्सची होती. आमचा प्रयोग चार मिनिटं पन्नास सेकंदांत संपला. मी थाप मारायला हात पुढं केला तेव्हा सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

नंबर दुसरा आला. खोबरेल तेलानं रंग पुसता पुसता आबांना फोन लावला. त्यांनी नंबर विचारलाच नाही. "म्हस सुटली का?" एवढंच विचारलं.

यंदा मी टी.वाय.ला आहे आणि प्रवेशिकांची फाईल माझ्याकडं आहे. नवीन मुलीचे हात अजून दाव्याच्या जागी ठरत नाहीत, ताणल्यावर दोन्ही मुठी जवळ येतात. उद्या गोठ्यातलं जुनं दावं घेऊन जाणार आहे. आधी खरं ओढू दे तिला.