अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे ठोके मोजताना

एम.टेक.च्या प्रबंधासाठी विषय शोधत होते तेव्हा सरांनी 2011 साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी वाचायला दिली. अमेरिकेतल्या 9 एनआयसीयूंमधली (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागांमधली), दीड किलोपेक्षा कमी वजनाची 3003 बाळं. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसण्याआधीच ठोक्यांमधला नेहमीचा चढउतार कमी होतो आणि गती मधूनच क्षणभर घसरते. संगणकाने हे मोजून एक आकडा काढला. तो डॉक्टरांना दाखवला त्या गटात मृत्युदर 8.1 टक्के, न दाखवलेल्या गटात 10.2. नवं औषध नाही, जादा सुई नाही, मॉनिटरवर येतच असलेली माहिती नीट वाचली एवढंच! तिथेच ठरलं, काम करायचं तर यावर.

नोंदी सहज मिळाल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या 10 मुदतपूर्व बाळांचे ईसीजी आणि श्वासाच्या लहरी फिजिओनेट या वैद्यकीय नोंदींच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुल्या आहेत.

कस लागला तो साधा ठोका ओळखताना. त्यासाठी 1985 ची पॅन-टॉम्पकिन्स पद्धत बहुतेक जण वापरतात, पण ती मोठ्या माणसांच्या हृदयावर बेतलेली. दोन ठोक्यांत 360 मिलिसेकंदांहून कमी अंतर दिसलं की तिला शंका येते, हा नवा ठोका की आधीच्याच ठोक्याची टी-लहर, म्हणजे ईसीजीत ठोक्यामागून येणारा उंचवटा? बाळाची गती मिनिटाला 167 ठोक्यांच्या वर गेली की प्रत्येक ठोक्याला हीच चौकशी. आणि ठोका गाळला गेला तर? 150 च्या गतीला दोन ठोक्यांत 400 मिलिसेकंद असतात. मधला एक सुटला की 800, म्हणजे गती 75. असं लागोपाठ दोनदा झालं की संगणक ब्रॅडी, म्हणजे हृदयाची गती फार मंदावल्याचं, नोंदवतो आणि बाळ तर गाढ झोपलेलं असतं. फिल्टर, खिडकीची रुंदी (एका वेळी लहरीचा केवढा तुकडा बघायचा ते), ही 360 ची मर्यादा, सगळं बाळांच्या मापाने पुन्हा बसवलं. माझा निम्म्याहून जास्त वेळ यात गेला आणि तो जायलाच हवा होता.

मधल्या काळात परवानगी काढून इथल्या एका एनआयसीयूत बसत होते. अलार्म वाजला की तिथल्या सिस्टर आधी पेटीतल्या बाळाचा रंग आणि छाती बघत. "अगं, लंगोट बदलताना वायर हलते, तेव्हा मॉनिटर काहीही दाखवतो," त्या म्हणाल्या. खरा ब्रॅडी असला तर तळव्याला हलकी टिचकी, पाठीवरून हात.

त्यांच्या बोलण्यातून मला वाट मिळाली. श्वासाची लहर छातीवरच्या इलेक्ट्रोडमधूनच येते, त्यामुळे वायर हलली की ईसीजी आणि श्वास दोन्ही एकदम विस्कटतात. असे तुकडे वेगळी खूण करून बाजूला काढले.

तपासणीही बाळागणिक केली: संगणकाला नऊ बाळांच्या नोंदींवर शिकवायचं, दहाव्यावर पारखायचं, पाळीपाळीने. एकाच बाळाच्या नोंदींचे तास दोन्हीकडे वाटले तर संगणक त्या बाळालाच ओळखू लागतो. या रीतीने अचूकतेचे आकडे कमी येतात. प्रबंधात मी तेच दिले.