स्तूपाचा भार पेलणारे : तक्षशिलेजवळचं जौलियां

इस्लामाबादहून तक्षशिला तासाभरावर आहे. वस्तुसंग्रहालय मागे ठेवून मी आधी जौलियांची, म्हणजे जुन्या बौद्ध स्तूप-विहारांच्या अवशेषांची टेकडी चढलो. वर पोचताच मधला मोठा स्तूप दिसतो आणि त्याला खेटून दाटीवाटीनं उभे असलेले छोटे स्तूप. या छोट्या स्तूपांचे घुमट कधीच गेले, उरले ते चौथरे. मूर्ती चुनेगच्चीच्या, म्हणून वर छप्पर घातलंय.

गांधारशैली, म्हणजे या भागातली ग्रीक वळणाची बौद्ध शिल्पकला, म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चुणीदार वस्त्रातला, कुरळ्या केसांचा बुद्ध येतो. तो इथेही आहे. एका मूर्तीच्या बेंबीत भोक आहे. त्यात बोट घालून भाविक आजार बरा व्हावा म्हणून प्रार्थना करत. खाली खरोष्ठी लिपीत दात्याचा लेखही आहे.

पण मला खिळवून ठेवलं ते चौथऱ्यांच्या खालच्या थरानं. तिथे हत्ती आहेत, सिंह आहेत आणि त्यांच्यामध्ये गुडघे मुडपून बसलेली, पिळदार अंगाची माणसं. ग्रीक पुराणातला अ‍ॅटलास खांद्यावर आकाश तोलतो. इथे त्याच्या भाऊबंदांनी बुद्धाचा स्तूप उचललाय. चेहरे मात्र एकासारखा दुसरा नाही. कुणी ओझ्यानं पार वाकलाय, कुणी निवांत दिसतो. माझ्या मते गांधारच्या कारागिराला ग्रीक कला खरी उमगली ती इथे. बुद्ध घडवताना त्याला मर्यादा पाळायची होती. या भारवाहकांना घडवताना त्याचा हात मोकळा सुटला.

आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत, तीन क्रमांकाच्या लेण्याखालीही असेच धिप्पाड यक्ष जमिनीतून अर्धे वर येऊन ओसरीच्या तुळया पेलतात. तिथल्याच सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडचा, दात्तामित्री नगराचा यवन, म्हणजे ग्रीक होता, असं लेखात कोरलंय. म्हणजे बुद्धाला मानणारे यवन पार गोदाकाठापर्यंत आले होते!

स्तूपांपलीकडे भिक्षूंचा विहार आहे : मधे पाण्याचं कुंड, चहूबाजूंनी खोल्या, स्वयंपाकघर, भोजनशाळा. पाचव्या शतकात हे सगळं आगीत गेलं. उत्खननात इथे भूर्जपत्रावरची जळकी पोथी मिळाली. तेवढ्याशा तुकड्यांवरून इथल्या ग्रंथसंपदेचा अंदाज बांधायचा, हे मनाला फार लागतं.

उतरल्यावर संग्रहालय पाहिलं. पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांनी १९१३ पासून वीस वर्षं तक्षशिला खणली, त्यातलं पुष्कळसं इथे मांडलंय. चुनेगच्चीची सुटी मस्तकं पाहताना ती कोणत्या उंचीवर, कोणत्या ओळीत बसत असतील ते लगेच कळत होतं. तुम्हीही आधी टेकडीच चढा.