बालेवाडीचे टेनिस आणि आमची पिढी

बालेवाडीच्या क्रीडासंकुलात २०१८ साली महाराष्ट्र ओपन सुरू झाली तेव्हा आम्ही शाळेत होतो. एटीपी दौऱ्यावरील, म्हणजे पुरुषांच्या जागतिक व्यावसायिक टेनिस मालिकेतील, दक्षिण आशियातील ही एकमेव स्पर्धा असल्यामुळे आमच्या क्रीडाशिक्षकांनी शालेय संघाला सामने दाखवायला नेण्याचा पायंडा पहिल्याच वर्षी पाडला.

पुण्याला नवी स्पर्धा मिळाली, अशी तेव्हा सर्वांची समजूत होती. वास्तविक ती १९९६ मध्ये दिल्लीत सुरू झाली, पुढच्याच वर्षी चेन्नईला गेली आणि नुंगमबाक्कमच्या स्टेडियमवर २०१७ पर्यंत भरत राहिली. स्टॅन वावरिंकाने ती तेथे चार वेळा जिंकली. म्हणजे आम्हाला जे लाभले, ते चेन्नईच्या मुलांच्या हातून गेलेले होते.

२०१९ चा अंतिम सामना मला सर्वांत जवळचा वाटतो. केव्हिन अँडरसन आणि वयाच्या ३९ व्या वर्षी अंतिम फेरी गाठणारा इव्हो कार्लोविच या दोन उंचपुऱ्या खेळाडूंमधील तिन्ही सेट टायब्रेकरवर (६-६ अशी बरोबरी झाल्यावरच्या निर्णायक गेमवर) गेले आणि अँडरसन जिंकला. जोरदार सर्व्हिसमुळे चेंडूची देवाणघेवाण फारशी न रंगणारा असा सामना कंटाळवाणा असतो, असे जाणकार म्हणतात. मला ते पटत नाही. सरांनी आम्हाला चेंडूऐवजी सर्व्हिस परतवणाऱ्याच्या पायांकडे पाहायला सांगितले होते, आणि सर्व्हिस करणाऱ्याचा हात वर जाताच समोरचा खेळाडू कोणत्या क्षणी किंचित उसळतो, हे त्या दिवशी जितके स्पष्ट दिसले तितके दूरचित्रवाणीवर कधीच दिसले नाही. त्याच वर्षी दुहेरीचे विजेतेपद रोहन बोपण्णा आणि दिविज शरण यांनी मिळवले.

२०२० मध्ये जानेवारीचा पहिला आठवडा एटीपी कप या देशांच्या सांघिक स्पर्धेकडे गेल्याने स्पर्धा फेब्रुवारीत ढकलली गेली, तर २०२१ मध्ये करोनामुळे ती झालीच नाही. २०२३ मध्ये पुण्याच्या अवघ्या १५ वर्षांच्या मानस धामणेला मुख्य फेरीत थेट प्रवेश मिळाला. तो पहिल्याच सामन्यात हरला, तरी आमच्याहून लहान मुलगा त्या कोर्टवर उतरला याचे आम्हाला अप्रूप होते. ती शेवटची महाराष्ट्र ओपन ठरली. पुढच्या वर्षी जानेवारीच्या त्याच आठवड्यात हाँगकाँगची स्पर्धा भरली.

पुणेकर प्रेक्षक कमी पडले, असा ठपका अनेकदा ठेवला जातो. मला तो अन्यायकारक वाटतो, कारण अशा स्पर्धेचा परवाना मालकाचा असतो, यजमानाशी केवळ मुदतीचा करार असतो, आणि मुदत संपल्यावर टाळ्यांचा हिशेब कोणी विचारत नाही. बालेवाडीत त्यानंतर २०२४ आणि २०२५ मध्ये चॅलेंजर, म्हणजे एटीपी दौऱ्याच्या खालच्या, दर्जाची स्पर्धा झाली. तिकडे नामवंत कमी येत असले तरी पायांची हालचाल तितकीच पाहण्यासारखी असते. तेव्हा सरांचा पायंडा शाळेने पुन्हा सुरू करावा, अशी माझी विनंती आहे.