स्वेलडेलच्या घसाऱ्यावर: आर्ड रॉक एन्ड्युरो

उत्तर इंग्लंडमधलं यॉर्कशायर डेल्स म्हटलं की हिरवी कुरणं, दगडी बांध आणि मेंढ्या डोळ्यांसमोर येतात. ते सगळं आहेच, पण तिथल्या स्वेलडेल खोऱ्यातल्या रीथ गावाच्या वर पठारावर चढून गेलात की वेगळंच चित्र दिसतं, जांभळ्या हेदरच्या झुडपांच्या मधेच करड्या दगडांचे उघडेबोडके ढीग, ज्यांच्यावर अजूनही धड काही उगवत नाही. हे सगळं शिशाच्या खाणींचं. खाणी बंद पडून शंभरहून जास्त वर्षं झाली, पण डोंगर अजून भरून आलेला नाही. आणि याच ढिगाऱ्यांवरून, खाणकामगारांच्या जुन्या वाटांवरून दर उन्हाळ्यात आर्ड रॉक ही माउंटन बाइकची, म्हणजे डोंगरात चालवायच्या सायकलची, एन्ड्युरो रेस होते, हजारोंनी हौशी रायडर येतात. मीही उतरलो होतो. पुण्याकडचे बरेच ट्रेकर मित्र विचारत होते की हे नक्की असतं काय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

एन्ड्युरोत चढ आणि उतार दोन्ही स्वतःच्या पायांनी करायचे, पण घड्याळ पळतं ते फक्त उतारावर. टायमिंग असलेल्या उतरणीला स्टेज म्हणायचं आणि दोन स्टेजच्या मधल्या वाटेला ट्रान्झिशन. मनगटाला चिप बांधलेली असते, स्टेजच्या तोंडाशी बीप, खाली पोचलात की परत बीप, शेवटी सगळ्या स्टेजच्या वेळांची बेरीज. ही कल्पना फ्रान्समधून आली, फ्रेड ग्लो यांनी 2003 साली वाल द'आलोसला अशी पहिली रेस भरवली, आणि 2013 पासून एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज सुरू झाली. बायकांमध्ये पहिल्या तिन्ही वर्षी जिंकली ती ट्रेसी मोसली, इंग्लंडचीच. ती आधी डाउनहिलवाली, म्हणजे फक्त उतरणीच्या रेसमधली, त्यातली 2010 ची वर्ल्ड चॅम्पियन. मला तिचं फार कौतुक वाटतं, कारण डाउनहिलला वर न्यायला लिफ्ट असते, इथे तोच उतार मारायचा पण तास-दीड तास चढून दमलेल्या पायांनी, आणि ते तिने तीन वर्षं सगळ्यांपेक्षा चांगलं केलं.

आम्ही लीड्सहून गाडीने गेलो, मी आणि ऑफिसातला एक मित्र, मागे रॅकवर दोन बाइक. रिचमंड सोडलं की रस्ता अरुंद होत जातो, दोन्ही बाजूंना दगडी बांध, कुरणात एकेकटी उभी दगडी कोठारं. रीथला गावाच्या मधोमध मोठं उतरतं हिरवं मैदान आहे, भोवती पब आणि चहाची दुकानं. गावाच्या खालीच आर्कल बेक ओढा स्वेल नदीला मिळतो. 2014 ला टूर द फ्रान्सचा पहिला टप्पा इथून गेला होता, समोरचा ग्रिंटन मूर त्यातलाच एक चढ. पण गावातल्या कुणाशीही बोललात तर विषय निघतो तो 30 जुलै 2019 चा. त्या दिवशी काही तासांत एवढा पाऊस झाला की ओढ्यांनी रस्ते, बांध आणि ग्रिंटन मूरवरचा पूल वाहून नेला. रेस अगदी दोन-तीन दिवसांवर आली होती, ती रद्द झाली. पुढच्या वर्षी कोविड. त्यामुळे रेस परत सुरू झाली त्याचा आनंद रायडरइतकाच गावालाही झाला असणार, आणि ते आजही जाणवतं, वाटेत शेतकऱ्यांच्या घरची मंडळी फाटकाशी उभी राहून नाव-गाव माहीत नसलेल्या माणसाला आवाज देत असतात.

सकाळी निघालो तेव्हा ढग खाली उतरलेले. पहिलाच चढ लांबलचक, शेवटी तर बाइक ढकलतच न्यावी लागते, पुढे मागे माणसांची रांग. आणि मला एन्ड्युरोतली सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे, चढावर घड्याळ बंद असल्यामुळे कुणी कुणाला मागे टाकायच्या भानगडीत नसतं, सगळे बोलत बोलत चढतात. माझ्या शेजारी डरहॅमकडचे एक साठीचे काका होते, आजोबा खाणीत कोळसा काढायचे म्हणाले, त्यांनीच मला हश म्हणजे काय ते सांगितलं. डोंगरमाथ्यावर मातीचा बांध घालून पाणी अडवायचं आणि मग बांध फोडून ते एकदम खाली सोडायचं, म्हणजे माती धुऊन जाते आणि खालची शिशाची शीर उघडी पडते. असं वर्षानुवर्षं केल्यामुळे उतारावर खोल घळी तयार झाल्यात. 1880 च्या आसपास शिशाचे भाव कोसळले, खाणी बसल्या, लोक गावं सोडून कोळशाच्या खाणींकडे आणि कापडगिरण्यांकडे गेले. काका हे सांगत होते तेव्हा आम्ही अशाच एका घळीच्या कडेने बाइक ढकलत होतो.

आता स्टेजबद्दल. यातल्या बऱ्याच उतरणी खाजगी जमिनीतून जातात, एरवी तिथे बाइक नेता येत नाही, म्हणजे प्रॅक्टिस शून्य. पुढच्या वळणापलीकडे काय आहे ते त्या क्षणीच कळतं. सह्याद्रीत घाटवाटा उतरलेल्या माणसाला इथे फायदा होतो असं माझं पक्कं मत आहे. खाणीच्या ढिगाऱ्यावरून उतरणारा तो पट्टा बघितला आणि मला लगेच ओळख पटली, हा आपला घसाराच, बोटभर ते मूठभर दगड, खाली पक्कं काही नाही. घसाऱ्यावर पाय रोवून थांबायला गेलं की माणूस घसरतो, दगडांबरोबर थोडं वाहत जायचं असतं, बाइकवरही अगदी तेच. पुढचा ब्रेक जेमतेम एका बोटाने, मागचं चाक हलकं सुटू द्यायचं, नजर चाकापुढे नाही तर पंधरा-वीस फूट लांब. दगड उडून फ्रेमच्या खालच्या नळीवर खणखण आपटत होते, आणि मधेच मागून आवाज आला, 'रायडर!', मी डावीकडे झालो, तो माणूस सुसाट पुढे गेला आणि जाता जाता थँक्यू ओरडला. इथे ही पद्धत सगळे पाळतात.

फ्रेमिंग्टन एज मात्र वेगळंच प्रकरण. रीथच्या डोक्यावरची ही चुनखडीची लांब कड. आम्ही वर पोचलो आणि नेमका पाऊस सुरू झाला. तिथे दोन जातीचे दगड भेटतात, एक काळपट खरखरीत वाळूचा दगड, जो ओला झाला तरी टायर धरून ठेवतो, आणि दुसरा फिकट चुनखडीचा, जो ओला झाला की साबणासारखा. त्यामुळे सगळं लक्ष रंगावर. काळा दिसला की ब्रेक मारून घ्यायचा, पांढरा दिसला की ब्रेक पूर्ण सोडायचा, हँडल सरळ, श्वास रोखून पार. हे ठरवायला वेळ सेकंदाच्याही आतला. निम्म्यात हाताचे पंजे इतके भरून आले की बोटं ब्रेकवर आहेत का ते बघावं लागलं, मग कुरणात उतरलो, फाटकातून पार, बीप. खाली ज्याला त्याला एकच विचारायचं होतं, तो पांढरा दगड पाहिलास का! अनोळखी माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. मला तर वाटतं की आपण सगळे आत्ताच एकाच संकटातून सुखरूप आलोय ही भावना निकालापेक्षा मोठी आहे, आणि ती मिळते ते सगळे एकाच दिवशी, तीच वाट, कुणीच आधी न बघता उतरतात म्हणून.

निकालात मी माझ्या वयोगटात साधारण मधे आलो. जिंकणारे माझ्यापेक्षा कितीतरी वेगात गेले, तरी तेही त्याच रांगेत ढकलत वर आले होते आणि संध्याकाळी त्याच मैदानात चिखल धूत उभे होते.

कुणाला यायचं असेल तर, एन्ट्री उघडल्या की लवकर संपतात, तारखेवर लक्ष ठेवा. रीथला रेल्वे नाही, लंडनहून डार्लिंग्टनपर्यंत ट्रेन आणि पुढे रस्त्याने जावं लागतं. फार लांब ट्रॅव्हलची, म्हणजे सस्पेन्शन खूप दबणारी, बाइक हवीच असं नाही, 140 मिलिमीटरवाली ट्रेल बाइक चालते, पण टायर ट्यूबलेस आणि जाड भिंतीचे घ्या. इथला दगड टायर बाजूने कापतो, आमच्या पुढे एकाचा असाच गेला आणि चार जण भोक बुजवायचे आपापले प्लग काढून धावले. गुडघ्याचे पॅड आणि फुल फेस हेल्मेट हवंच. आणि पावसाचा अंदाज असेल तर ब्रेक पॅडचा जास्तीचा जोड खिशात असू द्या, ओल्या वाळूत नवे कोरे पॅड एका दिवसात संपतात.