व्हीएनटी टर्बोसाठी घरगुती कंट्रोलर: माझा अनुभव

यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनावर व्हीएनटी टर्बो (एक्झॉस्टच्या वाटेत हलती पाती असलेला टर्बोचार्जर) बसवला की त्याच्या पात्यांना हुकूम देणारं कोणी उरत नाही. मूळ गाडीत ते काम ईसीयू (इंजिनाचा संगणक) करायचा. नुसता स्प्रिंगचा प्रेशर ॲक्च्युएटर (पात्यांचा रॉड हलवणारा डबा) लावूनही गाडी चालते, पण मग खालचा जोर तरी जातो, नाहीतर वरच्या आरपीएमला इंजिन गुदमरतं. मी अर्डुइनो नॅनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर कंट्रोलर बनवला, तो व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ॲक्च्युएटरसाठी. व्हॅक्यूम वाढला की रॉड ओढला जातो, पाती मिटतात आणि बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा जादा दाब) लवकर येतो. व्हॅक्यूम गेला की पाती पूर्ण उघडतात. बिघाड झाल्यावर टर्बो सुरक्षित बाजूला जातो, म्हणून मला ही रचना आवडते.

आधी टर्बो तपासा, वायरिंग नंतर. हातपंपाने व्हॅक्यूम देऊन रॉड बघायचा: साधारण ०.१५ बारला हलायला लागून ०.६ बारच्या आसपास स्टॉपला टेकायला हवा, तोही न अडकता, आणि पंप थांबवल्यावर व्हॅक्यूम धरून ठेवायला हवा. काजळीने पाती अडकत असतील तर कुठलाही प्रोग्राम त्यावर उपाय नाही. स्टॉप स्क्रूला हात लावू नका.

हा व्हॅक्यूम, ब्रेकच्या सर्वोच्या (पेडलला जोर देणाऱ्या डब्याच्या) लाइनमधूनच घ्यावा लागतो. तिथे बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, कारण टर्बोकडची नळी सुटली तरी ब्रेकचा व्हॅक्यूम टिकला पाहिजे. पुढे छोटी टाकी, मग ईसीयूच्या गाड्यांत असतो तो एन७५ सोलेनॉइड, म्हणजे व्हॅक्यूम कमी-जास्त करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह.

हा सोलेनॉइड सुमारे ३०० हर्ट्झवर नीट चालतो. नॅनोचा ४९० हर्ट्झचा तयार पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद होणारा सिग्नल) दिला तर ड्यूटी (त्यातला चालू असण्याचा वाटा) आणि व्हॅक्यूम यांचा मेळ बिघडतो. टायमर १ फेज-करेक्ट मोडमध्ये, प्रीस्केलर ८, टॉप ३३३३, एवढ्याने ३०० हर्ट्झ मिळतात. कॉइलचा रोध मीटरने मोजून घ्या; १५ ओहमची कॉइल जवळपास १ अँपिअर खेचते. कॉइल चालू-बंद करायला आयआरएलझेड४४एन मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), त्याच्या गेटला (कंट्रोल पिनला) १०० ओहम, गेट ते ग्राउंड १० किलो-ओहम आणि कॉइलला समांतर उलटा डायोड. तो १० किलो-ओहमचा रेझिस्टर विसरू नका: नॅनो रीसेट होत असताना गेट लोंबकळत राहिला तर पाती आपोआप मिटू शकतात. पुरवठ्यावर फ्यूज आणि टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचे झटके शोषणारा) लावा, आणि कॉइलचा करंट सेन्सरच्या ग्राउंडमधून जाऊ देऊ नका. नाहीतर सोलेनॉइडच्या ठोक्यांबरोबर बूस्टचा आकडा नाचतो.

बूस्टसाठी एमपीएक्स४२५०ए सेन्सर, इंटरकूलरनंतर इनटेक मॅनिफोल्डवर. १०० किलोपास्कलला (साधारण बाहेरच्या हवेचा दाब) तो १.८ व्होल्ट देतो, त्यामुळे इंजिन बंद असताना लगेच पडताळता येतो. मोजमाप २५० किलोपास्कलपर्यंत, म्हणजे सुमारे १.५ बार बूस्ट. शिवाय पेडलचा पोटेन्शिओमीटर आणि अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून (वेगाप्रमाणे पल्स देणारं टोक) ऑप्टोकपलरमार्फत (विजेचा थेट संबंध न ठेवता सिग्नल देणारा भाग) आरपीएम. एक्झॉस्टचं तापमान के-टाइप थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर) आणि त्याचं वाचन करणाऱ्या मॅक्स६६७५ चिपने घेतो. ही चिप २२० मिलिसेकंदांच्या आत पुन्हा वाचली तर तिची मोजणी मोडते आणि जुनाच आकडा येत राहतो. म्हणून २५० ठेवा.

आता खरा प्रश्न: पाती किती मिटवायची? बहुतेक जण थेट पीआयडीवर (लक्ष्य आणि मोजलेला बूस्ट यांच्यातल्या फरकावरून आउटपुट सुधारणारं गणित) भिस्त ठेवतात, आणि तिथेच गाडी बिघडते. समजा लक्ष्य १.२ बार ठेवलं आणि आपण सपाट रस्त्यावर हलक्या पेडलवर आहोत. तेवढा बूस्ट तिथे मिळणारच नाही, पण कंट्रोलर पाती आवळत राहणार, इंटिग्रल (त्या फरकाची बेरीज) साठत राहणार. डिझेल उगाच जळतं, आणि पेडल दाबताच बूस्ट लक्ष्याच्या कितीतरी पुढे उसळतो. म्हणून मुख्य काम आरपीएम आणि पेडलच्या टेबलने करावं आणि पीआयडीला त्या आकड्याच्या वर-खाली १५ टक्के ड्यूटीएवढीच मुभा द्यावी. बूस्टचं लक्ष्यही पेडलप्रमाणे बदलतं ठेवा. आउटपुट मर्यादेला टेकला की इंटिग्रल गोठवा. डी (पीआयडीतला बदलाच्या वेगाचा भाग) मोजलेल्या बूस्टवर लावा, लक्ष्यातल्या फरकावर नाही; नाहीतर पेडलच्या प्रत्येक हालचालीला पाती दचकतात. लूप २० मिलिसेकंदांचा पुरतो.

टेबल भरण्याआधी व्हॅक्यूमच्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड) जोडून गेज लावा आणि ड्यूटीप्रमाणे व्हॅक्यूम किती येतो ते लिहून घ्या, चढताना आणि उतरताना वेगवेगळं. हा आलेख सरळ रेषेत नसतो, आणि दोन्ही टोकांना काही टक्के ड्यूटी नुसती वाया जाते.

टेबल बरोबर की चूक, हे बूस्टचं गेज सांगत नाही. ते टर्बोआधीचा एक्झॉस्टचा दाब सांगतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून तांब्याची अर्धा मीटर नळी वेटोळं करून काढा, पुढे सिलिकॉनची नळी आणि ४०० किलोपास्कलचा सेन्सर. सेन्सर उंचावर ठेवा, म्हणजे नळीतलं पाणी आणि काजळी मागे उतरते. एक्झॉस्टचा दाब बूस्टच्या दीडपटीत असेल तर ठीक. दुप्पट व्हायला लागला तर त्या आरपीएमला पाती उघडा, बूस्ट थोडा कमी झाला तरी चालेल. इंजिनाची ताकद उलट वाढलेली जाणवते.

रस्त्यावर नेण्याआधी चालू इंजिनावर एकेक सेन्सरचा प्लग काढून बघा. दर वेळी ड्यूटी शून्य झाली पाहिजे. त्यासाठी प्रोग्राममध्ये ०.२ व्होल्टखाली आणि ४.८ व्होल्टवर बिघाड धरा, आणि प्रत्येक ॲनालॉग पिनला १०० किलो-ओहमचा पुल-डाउन (पिन ग्राउंडकडे ओढणारा रेझिस्टर) द्या, नाहीतर सुटलेली पिन हवेतला भलताच आकडा दाखवते. वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर बोर्ड रीसेट करणारा टायमर) जरूर लावा, पण जुन्या बूटलोडरच्या (बोर्ड सुरू होताना चालणारा छोटा प्रोग्राम) नॅनोवर तो रीसेटच्या चक्रात अडकतो. आधी ऑप्टिबूट हा नवा बूटलोडर चढवून घ्या.