एसाव धावत आला, आणि त्यानंतर...

आज दादाचा वाढदिवस. आमचं बोलणं बंद आहे, तरी सकाळी मेसेज टाकला, "दादा, वाढदिवसाच्या शुभेच्छा. बरा आहेस ना?" निळ्या टिका आल्या. उत्तर नाही.

संध्याकाळी बायबल वाचनात नेमका उत्पत्तीच्या पुस्तकाचा 33वा अध्याय आला. भावाला फसवून पळालेला याकोब परततोय आणि समोरून तोच भाऊ, एसाव, 400 माणसं घेऊन येतोय. याकोब सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो. एसाव मात्र धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतो, दोघंही रडतात.

उपदेशात गोष्ट बहुतेक वेळा इथेच थांबते. पुढे एसाव म्हणतो, चल, सोबत जाऊ. याकोब म्हणतो, तुम्ही पुढे व्हा, मी सेईरला, तुमच्या मुलखात, येतोच. आणि जातो कुठे, तर सुक्कोथला! समेट झाला, पण बिऱ्हाडं वेगळीच राहिली. नंतर त्यांचे वडील इसहाक वारले तेव्हा दोघांनी मिळून त्यांना पुरलं. मला आज तेवढंही पुष्कळ वाटलं.

"क्षमा केलीस ना, मग जा की त्याच्या घरी" असं म्हणणारे आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, भेटतात. प्रेमानेच म्हणतात, पण डोक्याला ताप होतो. प्रेषित पौलानेसुद्धा रोमकरांना लिहिलेल्या पत्रात सर्वांशी शांतीने राहा सांगताना "साधेल तर, तुमच्याकडून होईल तितकं" अशी सवड ठेवलीय. दादाच्या मनात काम करणं माझ्या हातात नाही, ते प्रभूने बघावं.

आईला सांगितलं तर ती खूश! "अगं, उघडला तरी त्याने. मागच्या वर्षी तर तुला ब्लॉक केलं होतं." नाताळात फोन करून बघणार आहे.