मंद क्वेरीचा माग: नोंद तिसरी

पावसाळ्यात शनिवारी संध्याकाळी गडभ्रमंतीचे माझे हौशी संकेतस्थळ हमखास अडखळते, कारण उद्या कोणता गड गाठायचा हे पाहायला सगळेच एकदम येतात. मागील नोंदीत सर्व्हरची मेमरी वाढवण्याचे ठरवले होते. तो खर्च तूर्त वाचला आहे.

आधी मायएसक्यूएल या डेटाबेसचा स्लो क्वेरी लॉग, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या मंद प्रश्नांची (क्वेरींची) नोंदवही, सुरू केला. हा लॉग मुळात बंद असतो, आणि सुरू केला तरी त्याची मूळ मर्यादा १० सेकंदांची असते. त्यामुळे सेकंदभरच घेणाऱ्या, पण सतत चालणाऱ्या क्वेरी त्यात उमटतच नाहीत. मर्यादा अर्ध्या सेकंदावर आणताच गडभेटींच्या ‘आजच्या नोंदी’ची क्वेरी वारंवार दिसू लागली. वेळेच्या कॉलमवर इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी क्रमवार यादी) असूनही एक्सप्लेन (क्वेरी कशी चालवली जाईल हे दाखवणारी आज्ञा) मात्र संपूर्ण टेबल वाचले जात असल्याचे सांगत होते. अटीत मी त्या कॉलमला डेट फंक्शनमध्ये गुंडाळले होते. इंडेक्समध्ये मूळ वेळा क्रमाने लावलेल्या असतात, फंक्शनची उत्तरे नव्हेत. म्हणून प्रत्येक ओळ उचलून तिची तारीख काढण्यावाचून सर्व्हरला गत्यंतर नव्हते. ‘आज मध्यरात्रीपासून उद्या मध्यरात्रीच्या आधीपर्यंत’ अशी अट लिहिताच तोच इंडेक्स कामी आला. मायएसक्यूएलच्या आवृत्ती ८.०.१३ पासून फंक्शनवरही इंडेक्स करता येतो, पण अट बदलून भागत असताना प्रत्येक नव्या नोंदीबरोबर सांभाळावा लागणारा आणखी एक इंडेक्स कशाला?

जिल्हानिहाय यादीने अधिक छळले. आधी वेळ आणि मग जिल्हा असा जोड इंडेक्स केला, तेव्हा पुण्याच्या ताज्या वीस नोंदी क्षणात येत, पण गडचिरोलीच्या येईनात. सर्व्हर ताज्या वेळेपासून मागे चालत जाई. पुण्याच्या वीस नोंदी लगेच सापडत, तर वैरागडावर क्वचितच कोणी जात असल्याने गडचिरोलीसाठी जवळजवळ सगळा इंडेक्स पालथा घालावा लागे. केवळ पुण्याची यादी पाहून मी खूश झालो होतो, हे कबूल करतो. क्रम उलटवून जिल्हा आधी घेतल्यावर दोन्ही याद्या सारख्याच वेगाने येऊ लागल्या.

इनोडीबीचा (मायएसक्यूएलमधील डेटा साठवणाऱ्या भागाचा) बफर पूल, म्हणजे असलेल्या मेमरीतून डेटा हाताशी ठेवायला दिलेली जागा, १२८ एमबीवरून १ जीबी केला. थोडा फरक पडला. आता यादीची जुनी पाने उरली आहेत, कारण ऑफसेटमुळे (‘पहिल्या इतक्या ओळी सोड’ या सूचनेमुळे) आधीच्या साऱ्या ओळी वाचून टाकून द्याव्या लागतात. तिथे शेवटच्या नोंदीची वेळ आणि क्रमांक धरून पुढची यादी मागण्याचे काम अर्धे झाले आहे.